घरच्या खोलीला लाकडी तक्तपोशी: हौशी सुताराने काय करावं, काय टाळावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या जुन्या सोसायटीत १२ बाय १० फुटांची बैठकीची खोली, उंची साडेनऊ फूट, मधोमध पंखा. वाड्यात असते तशी चौकटी-चौकटींची लाकडी तक्तपोशी, म्हणजे लाकडी छत, सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हाताने करायची आहे. सागवान घ्यावं का, स्लॅबला वजन पेलेल का आणि एकट्याने जमेल का, हे तुम्हाला हवंय.

जमेल. मी नोकरी सांभाळून पंचवीस-सव्वीस वर्षं सुतारकाम करतो आहे आणि आजवर सात खोल्यांची छतं केली आहेत. त्यातलं पहिलं मला दोन महिन्यांत उतरवावं लागलं. का, ते आधी सांगतो, कारण तिथेच या कामाची खरी गोम आहे.

ते मे महिन्यात केलं होतं. चार इंची पाइनच्या फळ्या, खाचेत जीभ बसवून एकमेकींना घट्ट ठोकलेल्या, प्रत्येक फळी दोन्ही कडांना खिळ्यांनी जखडलेली. सांध्यात कागदसुद्धा जाणार नाही, याचा तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री काडकन आवाज आला. सकाळी पाहतो तर मधल्या तीन फळ्या पोट काढून खाली आलेल्या आणि खिळे रिपांमधून, म्हणजे मागच्या लाकडी पट्ट्यांमधून, अर्धे उपसलेले. ना लाकूड वाईट होतं ना खिळे. फळ्यांना फुगायला मी जागाच ठेवली नव्हती.

हिशेब करून बघा. पुण्यात कोरड्या एप्रिल-मेमध्ये घरातल्या लाकडात साधारण ६-७ टक्के ओलावा राहतो, भर पावसाळ्यात तो १५-१६ टक्क्यांवर जातो. एवढ्या फरकाने पाइनची चार इंची फळी रुंदीत दोन मिलिमीटर वाढते. एका फळीत ते डोळ्यांना दिसतही नाही. पण दहा फुटांत अशा तीस फळ्या बसतात, म्हणजे एकूण वाढ साठ मिलिमीटरच्या घरात, जवळजवळ अडीच इंच. भिंत तर सरकणार नाही, मग फळ्या खाली येणार. सागवान यापेक्षा कमी हलतं, पण तेही हलतं. पॉलिशने हा फरक सावकाश होतो, थांबत नाही. लांबीच्या दिशेने मात्र लाकूड जवळपास वाढत नाही, म्हणून सगळी काळजी रुंदीची.

जुन्या कारागिरांना हे पक्कं ठाऊक होतं. पुष्कळ वाड्यांत तक्तपोशीच्या फळ्यांच्या सांध्यांवर खालून बारीक पट्टी मारलेली दिसते. शोभा तर आहेच, पण पट्टीमागे फळी मोकळी राहते आणि सांधा उघडला तरी दिसत नाही. काश्मीरची खतमबंद छतं बघा. लाकडाचे छोटे छोटे भौमितिक तुकडे खाचा पाडलेल्या पट्ट्यांमध्ये खिळ्याविना अडकवलेले असतात. तुकडा लहान म्हणून त्याचं हलणं लहान, आणि खाचेत त्याला तेवढी मोकळीक मिळते. तुम्हालाही हेच करायचंय: चौकट पक्की, तिच्यातलं पॅनेल मोकळं.

आता वाड्यासारखी म्हणजे काय, तेही बघून घेऊ. वाड्यात खांबांवर तुळई, तुळईवर कड्या म्हणजे बारीक आडव्या तुळया, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या आणि पाटांवर मातीचा थर. खालच्याची तक्तपोशी तीच वरच्या माडीची जमीन. ते लाकूड खरोखर भार वाहत होतं, म्हणून तेवढं जाडजूड होतं. विश्रामबागवाडा १८०७ चा आहे. तिथे किंवा मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात गेलात तर थोडा वेळ फक्त वर बघत उभे राहा. दोन कड्यांमधलं अंतर, तुळईची जाडी आणि खोलीची उंची यांचं एक प्रमाण डोळ्यात बसतं, ते कुठल्याही फोटोतून बसत नाही. मात्र तुमच्या खोलीत भार स्लॅब वाहतो आहे. तुमच्या तुळयांनी फक्त तुळयांसारखं दिसायचंय, म्हणून त्या पोकळ करा. यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. सिमेंटच्या स्लॅबखाली भरीव सागवानाची चार-चार इंची तुळई टांगणं म्हणजे विनाकारण वजन आणि विनाकारण झाड.

वजनाचं सांगतो. तुमच्या खोलीसाठी १२ मिमी प्लायच्या पोकळ तुळया, ९ मिमी प्लायची पॅनेलं, मागच्या रिपा आणि मोल्डिंग मिळून दीडशे किलोच्या आसपास भरतं. तेच सगळं भरीव सागवानात केलंत तर अडीचशेवर जातं. रिपांना दर १६ इंचांवर एक फास्टनर (काँक्रीटमध्ये पकडणारा लोखंडी बोल्ट) मारला तर साठ-सत्तर फास्टनर होतात, म्हणजे प्रत्येकावर जेमतेम दोन-अडीच किलो. त्यामुळे धडधाकट स्लॅबला चिंता नाही. चिंता पकडीची. भिंतीत वजन खिळ्याला आडवं येतं, छतात ते सरळ खाली ओढतं, आणि पंख्याची थरथर वर्षानुवर्षं चालू असते. लाकडाची गट्टी ठोकून त्यात स्क्रू पिळायची जुनी पद्धत छताला अजिबात वापरू नका, गट्टी वाळली की स्क्रूसकट बाहेर येते. ८ मिमीचे लोखंडी अँकर फास्टनर घ्या. प्लास्टर सोडून खऱ्या काँक्रीटमध्ये दीड-पावणेदोन इंच खोल गेले पाहिजेत. ड्रिल सळईवर अडलं तर जोर लावू नका, इंचभर सरकून दुसरं भोक पाडा.

भोकं पाडण्याआधी तीन गोष्टी. सोसायटीला कळवा. इमारत नव्या पद्धतीची, ताणलेल्या केबलच्या स्लॅबची असेल तर स्लॅबला भोक पाडायचंच नाही. तुमची जुनी आहे म्हणता, तरी इंजिनिअरला एकदा विचारून घ्या. दुसरं, पंख्याचा डबा आणि दिव्यांचे पॉइंट यांच्यामधून स्लॅबच्या पोटात वायरीच्या नळ्या गेलेल्या असतात. वायर शोधायचं साधं यंत्र मिळतं, ते फिरवून खडूने रेषा मारा आणि दोन्ही बाजूंना चार इंच सोडा. भोकं पाडताना त्या खोलीचा एमसीबी खाली, आणि ड्रिलला वीज स्वयंपाकघरातून. तिसरं, वरच्या मजल्याची न्हाणी किंवा गच्ची डोक्यावर असेल तर एक अख्खा पावसाळा छत कोरडं राहिलंय याची खात्री झाल्याशिवाय काम सुरू करू नका. ओल असलेल्या स्लॅबखाली लाकूड लावलं की ओल दिसायची बंद होते, आणि वाळवीला खाली उतरायला आयती वाट मिळते.

लाकूड कोणतं? तुमच्या जागी मी असतो तर पॅनेलं आणि तुळया सागाच्या व्हिनियरच्या (वर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवलेल्या) प्लायमध्ये आणि दिसणाऱ्या कडा, मोल्डिंग, कोरलेली फुलं भरीव लाकडात केली असती. प्लाय पावसाळ्यात रुंदीत फारसा हलत नाही, म्हणून पहिल्या कामाला तो बरा. भरवशाचा, आयएस ३०३ किंवा ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला घ्या. पॅनेल ६ मिमीचं घेऊ नका. साडेतीन फुटांच्या चौकटीत ते स्वतःच्याच वजनाने वर्षभरात मध्ये पोट काढतं. एमडीएफ छताला नकोच, ओल लागली की फुगतो आणि पुन्हा बसत नाही.

भरीव लाकडात सागवान उत्तम, यात वाद नाही. पण शिवण मिळत असेल तर तिचा जरूर विचार करा. हलकी, रंध्याखाली लोण्यासारखी, आणि पावसाळ्यात हलणंही कमी. कोकणात ओळखीची वखार असेल तर फणसही सुंदर. नवा असताना हळदीसारखा पिवळा, आणि दहा वर्षांत मधाच्या रंगावर येतो. ऐन मात्र छताला नको, फार जड.

जुन्या पाडलेल्या वाड्यांचं सागवान वखारीत मिळतं, त्याचा मोह मलाही आवरत नाही. ते घेताना खिशात चांगलं मोठं लोहचुंबक ठेवा आणि लाकडाच्या चारही बाजूंवरून सावकाश फिरवा. डोकं मोडून आत राहिलेला खिळा डोळ्यांना दिसत नाही, चुंबकाला कळतो. जिथे खेच लागेल तिथे खडूने गोल करा आणि पटाशीने उकरून खिळा काढा, मगच रंधा लावा. ज्या बाजूला बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसेल तो तुकडा कितीही जुना, कितीही सुंदर असला तरी घरात आणू नका.

लाकूड घरी आलं की लगेच कापायचं नाही. त्याच खोलीत, मध्ये चिपा ठेवून, हवा खेळेल असं रचा आणि तीन आठवडे थांबा. एका फळीला दोरी बांधून ती दर रविवारी ताणकाट्याला लावायची आणि वजन तिच्यावरच पेन्सिलने लिहायचं. दोन रविवार वजन बदललं नाही म्हणजे ती खोलीच्या हवेला रुळली. ओलावा मोजायचं यंत्र माझ्याकडे नंतर आलं. पहिली चार छतं मी ताणकाट्यावरच केली. महिना विचाराल तर दिवाळीनंतरचा. तेव्हा लाकूड दोन्ही टोकांच्या मध्ये असतं. उन्हाळ्यात बसवणार असाल तर फटी मोठ्या ठेवा, श्रावणात बसवणार असाल तर लहान.

आता आखणी. यात घाई केलीत तर पुढचे सगळे रविवार दुरुस्तीत जातील. खोली १२ बाय १० ची असं आपण म्हणतो, पण ती तशी नसते. कर्ण मोजा. खोली काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण १५ फूट साडेसात इंच येतील. जुन्या इमारतीत त्यांत इंचभर फरक सहज निघतो. मग फरशीवर खडूची दोरी मारून सगळं छत खऱ्या मापात काढा. कागदावर नाही, फरशीवर. पंख्याच्या हुकातून ओळंबा सोडा आणि तो फरशीवर जिथे टेकतो तिथे फुली करा. पुष्कळ खोल्यांत हुक मधोमध नसतो, दोन-तीन इंच सरकलेला असतो. तो मधल्या चौकटीच्या बरोबर मध्यात आला पाहिजे. तिथून दोन-तीन इंच चुकला तर खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी बिनसलंय असं वाटतं, काय ते सांगता येत नाही.

म्हणून चौकटी दोन्ही बाजूंना विषम संख्येत घ्या. तुमच्या खोलीला तीन बाय तीन. मधल्या तुळया चार इंच रुंद आणि भिंतीलगतच्या दोन इंच. १४४ इंचांतून १२ इंच तुळयांचे गेले, उरले १३२, म्हणजे चौकट ४४ इंच. दुसऱ्या बाजूला १२० तून १२ वजा, १०८, म्हणजे ३६. या मापाची दोन पॅनेलं आठ बाय चारच्या एका शीटमध्ये बसतात, म्हणून नऊ पॅनेलांना पाच शीट पुरतात. उरलेल्या तुकड्यांतून पॅकिंगच्या चकत्या निघतात. हुक सरकलेला असेल आणि भिंती वाकड्या असतील तर तो सगळा फरक भिंतीलगतच्या तुळयांमध्ये घ्या. एका बाजूची दोन इंच आणि समोरची अडीच असली तरी डोळ्याला कळत नाही. चौकटी लहानमोठ्या झाल्या तर लगेच कळतं.

तुळईची खोली चार इंच ठेवा. सगळं मिळून छत साडेचार-पाच इंच खाली येईल, नऊ फूट उरतात, खोली दबत नाही. उंची साडेआठ फूटच असती तर मी तुळई दोन इंचांच्या वर जाऊ दिली नसती.

बांधणी अशी. आधी दोन बाय दीड इंची रिपा स्लॅबला फास्टनरने मारून जाळी करा. स्लॅब कधीच एका पातळीत नसतो. पाण्याची नळी किंवा लेझर लावून चारही भिंतींवर एक रेष मारा, स्लॅबचा सगळ्यांत खाली आलेला भाग शोधा आणि बाकी सगळीकडे रिपेमागे प्लायच्या चकत्या घालून पातळी जुळवा. रिपांना लावण्याआधी बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्याचे दोन हात द्या, नंतर तिथे हात पोहोचत नाही.

तुळई म्हणजे तीन बाजूंची उलटी पन्हळ: दोन बाजू आणि तळ. ती जमिनीवर जोडून, कडांना भरीव लाकडाची पट्टी लावून, घासून तयार ठेवायची आणि मग खालून रिपेवर चढवून बाजूने स्क्रू मारायचे. लांबीच्या दोन तुळया अखंड, आडव्या तुळया त्यांच्यामध्ये तुकड्यांत. भिंतीलगतची तुळई भिंतीला कशी चिकटवायची, ते नीट सांगतो, कारण इथेच हौशी काम ओळखू येतं. तुळई तीन-चार सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त रुंद ठेवा. ती पातळीत धरून भिंतीला टेकवा. भिंतीचं प्लास्टर कुठे फुगलेलं, कुठे खोल असतं, त्यामुळे मध्ये फट दिसेल. सगळ्यांत मोठ्या फटीएवढा लाकडाचा एक ठोकळा घ्या, त्यावर पेन्सिल आडवी धरा आणि ठोकळा भिंतीला घासत या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. भिंतीचा प्रत्येक उंचवटा तुळईवर रेषेत उतरतो. त्या रेषेपर्यंत रंधा मारा, धार किंचित आतल्या बाजूला कललेली ठेवा. पुन्हा टेकवाल तेव्हा ती भिंतीला अशी बसते की पुटीन लागत नाही.

पॅनेल शेवटी. चौकटीपेक्षा चारही बाजूंना एक सूत लहान कापा. ते वर चढवायचं आणि त्याखाली मोल्डिंगची पट्टी लावायची. इथे लक्ष द्या, मोल्डिंगचा खिळा तुळईत जातो, पॅनेलमध्ये नाही. पॅनेल पट्टीवर नुसतं टेकलेलं असतं. प्लायऐवजी भरीव फळ्यांचं पॅनेल करावंसं वाटलं तर याच पद्धतीने ते सुरक्षित राहतं, फक्त फळ्यांच्या आडव्या दिशेला मोकळीक जास्त ठेवा: ३६ इंचांच्या सागवानी पॅनेलला दोन्ही बाजूंना मिळून चार-पाच सूत, आणि ती झाकेल एवढी रुंद मोल्डिंग. ही पद्धत मला आणखी एका कारणाने आवडते. कधी वायर बदलायची झाली की एका चौकटीची पट्टी काढली, पॅनेल उतरलं, काम झालं, परत चढवलं. पंख्याशेजारच्या एका चौकटीची पट्टी मी नेहमी पितळी स्क्रूंनी लावतो.

पंखा त्याच्या स्वतःच्या हुकालाच, लांब दांडीने. लाकडाचा त्याला आधार नाही आणि त्याचा लाकडाला स्पर्श नाही. मधल्या पॅनेलच्या भोकात दांडीभोवती अर्धा इंच मोकळं सोडा आणि वाटीने झाका. पाती छतापासून फूटभर खाली हवीत, नाहीतर वारा लागत नाही. दिवे एलईडीच घ्या, वायरी नळीतून, आणि जोड असेल तिथे हात पोहोचला पाहिजे.

तुळया जिथे एकमेकींना भेटतात ते चार सांधे उघडे ठेवले तरी चालतात, पण तिथे एकेक कोरलेलं फूल बसवलंत तर खोलीचं रूप पालटतं. केरळी धाटणीच्या पद्मनाभपुरम राजवाड्यात दर्शनी मंडपाच्या लाकडी छतावर नव्वद फुलं आहेत आणि प्रत्येकाची घडण निराळी. तुम्हाला चारच करायची आहेत. शिवणीचे पाच इंची तुकडे घ्या आणि आठ पाकळ्यांचं साधं कमळ कोरा. छतातलं कोरीवकाम आठ-नऊ फुटांवरून खालून बघायचं असतं, म्हणून बारकाव्यापेक्षा खोली महत्त्वाची. पाकळीच्या मुळाशी पटाशी निर्धास्त खोल जाऊ द्या, सावली पडली पाहिजे. मी माझं पहिलं फूल टेबलावर ठेवून नखशिखांत बारीक कोरलं होतं. वर लावल्यावर ते बटणासारखं सपाट दिसलं. तेव्हापासून अर्धं कोरून झालं की ते छताला चिकटपट्टीने लावतो, खुर्चीत बसून बघतो आणि मग पुढे हात घालतो.

पॉलिश जमिनीवर, दोन्ही बाजूंना. मागची बाजू दिसत नाही म्हणून कोरडी सोडली की पॅनेल तिकडून ओलावा जास्त घेतं आणि वाकतं. चपडा लाखेचं पॉलिश मला सगळ्यांत प्रिय आहे, पण दमट हवेत ते पांढुरकं पडतं, तेव्हा पावसाळी दिवशी हात लावू नका. जवसाचं तेल वापरलंत तर तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात, हे खरोखर घडतं. अंगणात किंवा गच्चीत पसरून वाळवा, मगच टाका.

एकट्याने किती? आखणी, कापणी, जोडणी, पॉलिश एकट्याने. चढवताना मात्र दुसरा माणूस हवाच. दोन बाय एकच्या रिपेचा टी-आकाराचा टेकू करा, छतापेक्षा पाव इंच उंच, डोक्यावर गोणपाट गुंडाळलेला. एकाने पॅनेल वर न्यायचं, दुसऱ्याने टेकू सरळ करून ते दाबून धरायचं. शिडीवरून ही कामं करू नका. दोन घोड्यांवर रुंद फळी टाकून परांची करा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. स्लॅबचा चुरा थेट डोळ्यांतच पडतो.

वेळ विचाराल तर शनिवार-रविवार धरून तुम्हाला तीन ते चार महिने लागतील. त्यात छताखाली प्रत्यक्ष उभं राहून करायचं काम सहा-सात दिवसांचं. बाकी सगळं जमिनीवर, बसून.

सुरुवात एका चौकटीने करा. एक पॅनेल, चार बाजूंच्या तुळयांचे तुकडे, मोल्डिंग, एक फूल, पॉलिशसकट. ती चौकट खोलीच्या भिंतीला उभी ठेवा आणि महिनाभर सकाळच्या उजेडात, रात्रीच्या दिव्यात येता-जाता बघा. घरच्यांनाही बघू द्या. तुळई जाड वाटली, रंग गडद वाटला, फूल मोठं वाटलं तर तेव्हाच बदला, आणि मगच उरलेल्या आठ चौकटींचं लाकूड कापायला घ्या.